आत माया ठेवून

मे महिन्यात, ऐन उकाड्यात, देवगडसारख्या ठिकाणी लग्न असतं आणि दोन वर्षांच्या पोरीला जाळीचा, आत कॅनकॅन लावलेला, पाठीवर सॅटिनचा मोठा बो असलेला फ्रॉक घालतात आणि मग ती का किरकिरते म्हणून अख्खा मांडव तिला खेळवत बसतो. कोणी शहाळ्याचं पाणी देतं, कोणी दृष्ट काढा म्हणतं. अहो दृष्टबिष्ट काही नाही, पाठीवर घामोळं उठलंय तिच्या. तो फ्रॉक काढा, साध्या सुती पेटीकोटवर सोडा, पाच मिनिटांत हसेल. मी हे तोंडावर बोलून दाखवते आणि म्हणून काही नातेवाइकांत मी फारशी लोकप्रिय नाहीये.

पण माझं म्हणणंच ते आहे. मुलांसाठी घरी शिवायचं ते दोन गोष्टींसाठी, एक इथली हवा आणि दुसरी त्यांची वाढ. बाकी कारणं हल्ली टिकत नाहीत. पैसे वाचतात म्हणावं तर तेही नाही, बाजारात ढीग लावून फ्रॉक विकतात आणि तेवढ्या पैशात आता चांगल्या सुती कापडाचं एक मीटरसुद्धा येत नाही, वर दोरा, इलॅस्टिक, लेस वेगळी. आणि हौस म्हणावी तर हौसेचं हल्ली रील होतं. पांढरीशुभ्र खोली, पांढरे पडदे, लाकडी घोडा, बेज रंगाची उशी, त्यावर बेज रंगाचा ससा. त्या खोलीत खरंच मूल राहतं यावर माझा विश्वास नाही. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलैत पांढरा पडदा लावला तर गणपतीपर्यंत त्याच्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते कशानेही जात नाहीत.

तर मशीन. आमच्याकडे पायमशीन आहे, सासूबाईंच्या लग्नातलं, काळं, त्यावरची सोनेरी वेलबुट्टी हात लागून लागून निम्मी पुसली गेलीय. पडवीत असतं, कारण तिथे उजेड चांगला. गांधीजी यंत्रांच्या विरोधात म्हणून सगळ्यांना माहिती, पण शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला होता, १९२४ साली यंग इंडियात त्यांची एक मुलाखत आली त्यात ते म्हणालेत की सिंगरने आपली बायको हाताने शिवून दमते हे बघून तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र काढलं. गोष्ट छान आहे, फक्त आयझॅक सिंगरचा खरा इतिहास वाचला की जरा हसू येतं. सुईच्या टोकाशी भोक आणि खालून दुसऱ्या दोऱ्याने टाका अडकवायचा, ही युक्ती घेऊन एलायस हाउने १८४६ मध्येच पेटंट काढलं होतं, सिंगरचं आलं १८५१ मध्ये, मग दोघांची कोर्टबाजी झाली आणि सिंगरला हाउला पैसे मोजावे लागले. आणि प्रेमाचं म्हणाल तर सिंगरसाहेबांचे संसार एकापेक्षा जास्त आणि मुलं सगळी मिळून वीसच्या वर! एवढ्यांची झबली-टोपडी म्हणजे मशीन लागणारच होतं म्हणा.

समुद्राकाठी मशीनचा खरा वैरी म्हणजे खारी हवा. पावसाळ्यात आठ दिवस हात लावला नाही की सुईवर तांबूस थर येतो आणि तशाच सुईने शिवलं तर पांढऱ्या कापडावर ओळीने तपकिरी ठिपके. त्यामुळे शिवून झालं की सुई काढून तेलाचं बोट फिरवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. तेल मशीनचंच हां. घरात खोबरेल तेल ढिगाने असतं म्हणून तेच मशीनमध्ये सोडणारे लोक मी बघितलेत. खोबरेल २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं, म्हणजे डिसेंबरात सकाळी बाटली जशी उन्हात ठेवावी लागते तसं मग अख्खं मशीन उन्हात ठेवायची वेळ येते, आणि कालांतराने आत चिकट होऊन बसतं ते वेगळंच. सुईचा नंबरही बघावा. साध्या सुती कापडाला १४ नंबर चालतो, पाकिटावर १४ च्या शेजारी ९० लिहिलेलं असतं, म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. मलमलला मात्र ११ च, नाहीतर कापड खेचलं जातं आणि धागे निघतात. बनियनच्या कापडाला बॉलपॉइंट सुई मिळते, गोल टोकाची, ती धागा तोडत नाही, बाजूला सारते. हे शिवणाच्या क्लासमध्ये सांगतात की नाही ठाऊक नाही पण लहान मुलांचं निम्मं शिवण मलमल आणि बनियनच्या कापडातच असतं, त्यामुळे आधी हे.

पहिल्यांदा काही शिवायचं असेल तर झबलं शिवा. कापडाची चौघडी घालायची, गळ्याचा छोटा गोल कापायचा, बगलेखाली एक कट, बाही वेगळी लावायचीच नाही, अंगाबरोबरच निघते, समोर किंवा पाठीवर उभं उघडायचं आणि बंद लावायचे. नवजात बाळाला घेर वीस इंच आणि उंची अकरा-बारा इंच पुरते. अर्ध्या मीटरमध्ये एक होतं, जमलं तर उरलेल्यात टोपडंही. शिवण बाहेरून ठेवा, हे मी आग्रहाने सांगते, म्हणजे आपण नेहमी सुलट बाजू बाहेर ठेवतो ना, तर अगदी लहान बाळाचं झबलं मी उलटं शिवते, शिवणीची कड बाहेर. दिसायला वेडंवाकडं दिसतं, येणारी प्रत्येक बाई विचारते उलटं घातलंय का म्हणून. पण बाळाच्या काखेत ती कड घासत नाही आणि त्याला दिसण्याशी काय करायचंय?

कापड मात्र जुनंच. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला कोरं कापड लगेच घालत नाहीत, आजीचं लुगडं नाहीतर आजोबांचं धोतर फाडून त्याची दुपटी, लंगोट, झबली. याच्यामागे बायका निरनिराळी कारणं सांगतात, थोरांचे आशीर्वाद वगैरे, ते असेलही, पण हाताला कळतं ते कारण साधं आहे, शंभर धुण्यांनी त्यातली खळ गेलेली असते, कच्चा रंग गेलेला असतो, कापड आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. नवं सुती कापड आणलंच तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, सावलीत वाळवायचं आणि मगच कात्री लावायची. नाहीतर आज अकरा इंचांचं शिवलेलं झबलं पहिल्या धुण्यातच अर्धा इंच वर जातं.

आणि गळा. नवशिक्या बायका गळ्याचं माप गळ्यावर घेतात. बाळाचा गळा कुठे असतो हो, हनुवटीखाली सरळ छातीच लागते, आणि माप हवं डोक्याचं. जन्मताना डोक्याचा घेर ३४-३५ सेंटीमीटर असतो, वर्षाचं होईपर्यंत ४५-४६, तीन वर्षांचं होईतो ४९-५० च्या आसपास. म्हणजे पहिल्या वर्षातच अकरा सेंटीमीटर वाढ! झबल्याला समोर उघडं असतं म्हणून चालून जातं पण डोक्यावरून घालायचं काहीही असेल तर आधी डोक्याभोवती टेप फिरवा, आणि एकतर खांद्यावर बटणं द्या नाहीतर पाठीला चीर. मूल डोक्यावरून कपडा घालताना रडतं त्यातलं निम्मं रडणं आपल्या कात्रीचं असतं.

बटणं म्हणजे टिचबटणं नकोत, निदान स्टीलची नकोत. इथल्या हवेत गंजतात आणि तो डाग कापड फाटेपर्यंत साथ देतो. हुकांचंही तेच. प्लास्टिकची टिचबटणं मिळतात ती घ्या किंवा साधी चार भोकांची बटणं घट्ट लावा, लावून झाल्यावर दाताने ओढून बघा, कारण ते मूल तेच करणार आहे. वेल्क्रो समुद्राकाठच्या माणसाने आणूच नये, एकदा वाळूत लोळलं की त्याची पकड संपली.

कुंचीबद्दल मात्र माझं आणि घरातल्यांचं पटत नाही. कुंची मला प्रचंड आवडते. खणाची कुंची, कडेला जर, पाठीवर लोंबणारा तो झोळ, बारशाच्या पाळण्यात बाळ काय देखणं दिसतं त्यात. शिवायलाही सोप्पी, आयताकृती तुकड्याची लांब कड मध्यावर दुमडून जोडली की टोपी झाली, मानेपाशी चुण्या, आणि गळ्याशी बांधायला बंद. हे बंद तेवढे मला डाचतात. अमेरिकेत १९९६ साली तिथल्या ग्राहक-सुरक्षा खात्याने सूचना काढल्या की लहान मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी आणि गळ्यापाशी नाडी असू नये, कारण नाडी घसरगुंडीत, पाळण्यात अडकून मुलांना फास बसल्याच्या घटना घडल्या होत्या. आपल्याकडे झोळी, पाळणा, खिडकीचे गज, सगळं असतंच की. म्हणून मी कुंचीला बंदांऐवजी एक छोटी पट्टी आणि बटण लावते, ओढलं तर निघून येणारं. सासूबाई म्हणतात, "आमी काय पोरां वाढवूक नाय?" वाढवली, छान वाढवली. त्यांनी कुंची घातलेलं मूल कधी एकटं सोडलं नाही हेही खरंय, तेव्हा घरात दहा माणसं होती. आता मी असते आणि कुकरच्या शिट्ट्या असतात.

तशीच मोहरीची उशी. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरून पातळ उशी शिवतात, बाळंतविड्यात हमखास येते. आता बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशीच नको म्हणतात, कुठलीच नको, तोंडाजवळ मऊ काही नको. मी तरी आता भेट म्हणून उशी शिवत नाही, तेवढ्याच कापडात चार जास्तीची दुपटी होतात आणि पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाच्या आईला विचारा चार जास्तीची दुपटी म्हणजे काय ते. पूर्वी निखाऱ्यांवर मोठी टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट वाळवायचे आणि त्यात ओवा-धूप टाकायचे. आता टेबलफॅनसमोर दोरी बांधतात. दुपटी पातळ ठेवायची ती यासाठी. दोन पदरी बस. शहरातून कोणीतरी आणलेला फायबर भरलेला गुबगुबीत ब्लँकेटचा सेट जूनमध्ये ओला झाला की ऑक्टोबरपर्यंत आतून कुबट राहतो.

आता वाढ. आमच्या घरात एक वाक्य इतकं ऐकलंय की ते मशीनच्या आवाजातच मिसळून गेलंय, "आत माया ठेव गो, चेडू काय असाच रवतला?" म्हणजे मुलगी काय एवढीच राहणार आहे का. माया म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड दाबून ठेवायचं, पुढे उसवून वाढवायला. रेडीमेड फ्रॉक उलटा करून बघा, शिवण अगदी पाव इंचावर कापून इंटरलॉक मारलेली असते, आत काही नाही, वाढवायचं म्हटलं तर कुठून वाढवणार? तो कपडा त्या एका वयापुरताच.

पण माया कुठे ठेवायची यालाही अक्कल लागते. सगळे रुंदीत ठेवतात. मूल सहा महिन्यांनी जाडं होणार असं धरून पोतं शिवतात आणि ते बिचारं दोन वर्षं त्या पोत्यात फिरतं. बघा, दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८७ सेंटीमीटर असते, पाचव्या वर्षी ११० च्या घरात जाते. वीस-बावीस सेंटीमीटर वाढ. आणि छाती? त्याच काळात जेमतेम तीन इंच. म्हणजे मूल या वयात उभं वाढतं, आडवं नाही. तेव्हा माया उंचीत ठेवा. खाली रुंद हेम, खांद्याच्या पट्ट्या लांब ठेवून आत दुमडलेल्या, आणि बाजूंना एकेक इंच पुरे.

यावर जुन्या बायकांनी काढलेली युक्ती म्हणजे परकराचे टक. परकराच्या घेराला खालून वर दोन-तीन आडवे टक घालायचे, दिसायला नक्षी वाटते पण प्रत्येक टकात दीड-दोन इंच कापड दडलेलं असतं. चैत्रात एक टक उसवला, पुढच्या गणपतीला दुसरा. मुलगी उंच होते तसा परकरही होतो. माझ्या लेकीचा एक हिरवा खणाचा परकर असाच चालू आहे. उसवलेल्या जागी जुन्या टिपेची एक गडद रेघ राहते कारण तिथलं कापड उन्हापाण्यात विटलेलं नसतं, मग त्या रेघेवर लेस लावायची किंवा काठाची पट्टी. कपड्याकडे बघून कळतं मूल कधी कधी किती वाढलं ते, फूटपट्टी भिंतीला लावायची गरज नाही. टक उसवताना ब्लेड वापरू नका. सुईच्या टोकाने चौथा-पाचवा टाका उचलून तोडायचा, मग उलट बाजूचा दोरा सरसर निघतो, आणि वेळ लागतोच, दुपारी रेडिओ लावून बसायचं काम आहे ते.

चड्डीला इलॅस्टिक घालताना नेफा पूर्ण शिवून टाकू नका, एक इंचभर तोंड उघडं ठेवा आणि तिथे हाताने दोन टाके घाला. आमच्या हवेत इलॅस्टिक वर्षभरात सैल पडतं, ते बदलायला अख्खा नेफा उसवायचा म्हणजे मग ती चड्डी तशीच पिन लावून वापरली जाते.

साडी हा तर खजिनाच आहे. एका सुती साडीत साडेपाच मीटर कापड, सव्वा वार पन्हा, आणि दोन्ही बाजूंना फुकटची तयार कड. नऊवारीत तर आणखी. काठ खाली घेतला की फ्रॉकला हेमच घालावं लागत नाही. सगळ्यात सोपा फ्रॉक म्हणजे नाडीचा, दोन आयत घ्यायचे, वरच्या कोपऱ्यांना मुंढ्याचा अर्धगोल कापायचा, त्याला उरेब पट्टी, वर नेफा दुमडायचा, त्यातून काठाचीच पट्टी ओवून खांद्यावर दोन टाके घालून पक्की करायची. लेकीचा असा फ्रॉक दीड वर्षाची असताना पायघोळ होता, मग गुडघ्यापर्यंत, आता खाली चड्डी घालून तोच टॉप. उरेब पट्टी म्हणजे कापडाच्या तिरक्या धाग्यावर ४५ अंशात कापलेली, ती थोडी ताणली जाते म्हणून गोलाईवर चपखल बसते. सरळ पट्टीने गळा केला तर गळा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उभा राहतो.

फक्त साडी निवडताना भावनेच्या आहारी जायचं नाही. जी अंगावर फाटली ती आधीच विरलेली असते, तिचा फ्रॉक एका महिन्यात पाठीवर चिरतो. कापड उजेडासमोर धरायचं, दोन बोटांनी ताणून बघायचं, जिथे चाळण दिसते तो भाग दुपट्याला आणि पदराजवळचा, निऱ्यांच्या आतला, जो कमी वापरलेला असतो तो कपड्यांना. सासूबाई हे नुसत्या तळव्याने ओळखतात. मला अजून उजेड लागतो.

खोलीचं बोलायचं तर आमच्याकडे मुलांची अशी खोलीच नाही. कौलारू घर, ओटी, माजघर, पडवी, मुलं सगळ्या घरात असतात आणि कुठल्याच जागेची नसतात. मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा तर कोण कुठे झोपलंय याचा पत्ता नसतो. तरी लेकीला स्वतःची जागा पाहिजे होती, शाळेत कोणाकडे तरी "माझी रूम" आहे म्हणून. मग पडवीचा एक कोपरा दिला. दांडीला साडीचे दोन पडदे. सात फुटी पडद्याला दुमडीसकट साधारण सव्वादोन मीटर कापड जातं, म्हणजे एका साडीत दोन पडदे होऊन वर उशीच्या अभ्र्याला तुकडा उरतो. पातळ कापडाचेच केले, कारण झड आली की भिजणारच, पातळ असेल तर दुपारपर्यंत वाळतात. वर नेफा केलाय, रिंगा नाही लावल्या, त्याही गंजतात. तिच्या दृष्टीने ती खोली झाली. पडद्याबाहेर उभं राहून "आत येऊ का" विचारावं लागतं, आजोबांनासुद्धा.

त्या कोपऱ्यात सगळ्यात उपयोगाची वस्तू कुठली असेल तर भिंतीवरची कप्प्यांची पिशवी. मांजरपाटाचा एक लांब तुकडा, त्यावर तीन ओळी कप्प्यांच्या, वरून बांबूची काठी. जमिनीवर ठेवलेली पुठ्ठ्याची खोकी इथे पावसाळ्यात मऊ पडतात, आत झुरळं होतात, चित्रांच्या पुस्तकांची पानं चिकटतात. भिंतीपासून जरा सुटी लटकलेली पिशवी वाऱ्यावर असते म्हणून बरी राहते. कप्पे सपाट शिवू नका, तळाला एकेक चूण घाला, नाहीतर रंगाची पेटी आत जातच नाही. आमच्या पिशवीत सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आहेत, शिंपले आहेत, एक दात आहे आणि एका कप्प्यात काय आहे ते मला बघायची परवानगी नाही.

समुद्रावर न्यायच्या खेळण्यांची पिशवी मात्र कापडाची नको. मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा बंदरावर मागितला तर असाच मिळतो. धुऊन, दोन दिवस कडक उन्हात टाकून, तोंडाला कापडी नेफा जोडायचा. बादली, फावडं, शिंपले सगळं त्यात टाकलं की घरी येईपर्यंत वाळू आपोआप गळून जाते. नायलॉनचा धागा सुईखाली सरकतो म्हणून ही जोडणी मी हातानेच करते, जाड सुईने, प्रत्येक गाठीत एक टाका.

मऊ खेळण्यांत ससे-अस्वलं पुष्कळ झाली, मी पापलेट शिवते. आकार बघा ना, चौकटच्या इक्क्यासारखा, दोन तुकडे, मागे शेपटी, वर-खाली पर, बटणाऐवजी दोऱ्याने काढलेला डोळा. आम्ही राखाडी रंगाची विजार कापून केला. लेकीने तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "आई, शेपटी अशी नसते, अजून खोल दुभंगलेली पायजे." मासेबाजारात वाढलेल्या मुलांपुढे कल्पनाशक्ती चालत नाही. नंतर कुर्ली मागितली, तिला आठ पाय आणि दोन नांग्या, म्हणजे दहा नळ्या शिवून सुलट करायच्या. नळी सुलट करायला टोकाला सेफ्टी पिन अडकवून ती आतून पुढे सरकवत न्यायची, काठीने ढोसत बसू नका, कापड फाटतं. पायांत काही भरलं नाही, लोंबते ठेवले, तर ते तिला फार आवडलं, कारण "मेलेली आहे म्हणून".

आत भरायला काय? गादीचा जुना कापूस नको, दमटपणात त्याचे गोळे होतात. सावरीचा कापूस एप्रिलमध्ये बोंडं फुटून उडायला लागतो, मुलं तो गोळा करायला उत्साहाने तयार असतात. हलका असतो, पाणी पटकन पीत नाही, याच्याच कुळातल्या कपोकचा कापूस पूर्वी लाइफ जॅकेटमध्ये भरत असत. तंतू फार गुळगुळीत आणि आखूड म्हणून त्याचं सूत नीट निघत नाही, भरायलाच चांगला. फक्त पेट चटकन घेतो, त्यामुळे देवघरातल्या समईजवळ पापलेट नको. आणि भरताना नाकाला रुमाल बांधा, नाहीतर संध्याकाळपर्यंत शिंका. पोटाखालची शिवण हाताच्या टाक्यांनी बंद करते मी, म्हणजे मेमध्ये उसवून कापूस काढायचा, खोळ धुवायची, कापसाला ऊन दाखवायचं, परत भरायचा.

उरलेल्या चिंध्यांची वाकळ. ती एकटीने शिवायची गोष्ट नाही, निदान आमच्याकडे नाही. भात कापणी झाली, खळं सारवलं की दुपारच्या वेळी शेजारच्या काकी येतात, जुन्या साड्यांचे थर अंथरतात, कडेने धावदोरा घालत आत आत यायचं. चार बायका चार बाजूंनी. प्रत्येकीचा टाका वेगळा, एकीचा भातासारखा बारीक, एकीचा (नाव घेत नाही) हातभर. मुलांच्या वाकळेत मुलांचेच कपडे घालावेत, लहान झालेली झबली, डाग पडलेला पहिल्या वाढदिवसाचा शर्ट. रात्री झोपताना मग गोष्ट सांगायला लागत नाही, मूल स्वतःच बोट ठेवून विचारत सुटतं, हे कोणाचं, हे कधीचं, तेव्हा मी कुठे होते. माझा भाचा तर त्याच्या बापाच्या शाळेच्या चड्डीचा खाकी तुकडा शोधून त्याच्यावरच नाक ठेवून झोपतो.

एवढं सगळं घरी करत असले तरी काही गोष्टींच्या वाट्याला मी जात नाही. कॉलरचा शर्ट नाही, चेनची पँट नाही, आणि शाळेचा युनिफॉर्म तर मुळीच नाही. तो बाजारातल्या मास्तरांकडेच. ते टेप गळ्यात टाकून पोराकडे नुसतं वरून खाली बघतात आणि माप सांगतात, वर आईकडे बघून विचारतात, "वाढता शिवू ना?" पँटच्या तळाशी आत अडीच इंच दुमडून ठेवतात, कमरेला मागे मधोमध दोन इंच माया, आणि हे त्यांना सांगावं लागत नाही. फक्त कापड मे संपायच्या आत नेऊन द्या. एकदा पाऊस सुरू झाला आणि शाळेची तारीख जवळ आली की दुकानात उभं राहायला जागा नसते आणि मास्तर "बघतो" म्हणतात, त्याचा अर्थ पंधरा ऑगस्ट.